पिशवीचा कॅन्सर आणि टी पेशींचा पहारा: धाराशिवच्या पंचवीस वर्षांचा मागोवा

बार्शीहून पांगरीमार्गे येडशीला आलं की रस्ता फुटतो. एक ढोकीवरून लातूरकडे जातो, एक धाराशिवकडे. याच वाटेने उलट दिशेला, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलकडे, या भागातल्या बायका कित्येक वर्षं जात आल्या. बहुतेकींची तक्रार एकच असे: अंगावरून जातंय. या गावांत गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवी म्हणतात, आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हा इथल्या बायकांचा मोठा वैरी. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा हे आकड्यांतही उतरलं. पुढे १९९९ मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठी चाचणी उभी राहिली आणि तिच्या निष्कर्षांनी जगभरच्या तपासणीची दिशा बदलली. ती चाचणी कॅन्सर तपासणीची म्हणून ओळखली जाते. पण ती खऱ्या अर्थाने वाचायची तर टी पेशी समजून घ्याव्या लागतात. उस्मानाबादच्या आकड्यांमागे हजारो बायकांच्या शरीरात गाजावाजा न करता झालेलं टी पेशींचं काम आहे आणि त्या चाचणीचा धडा आपण अजून पुरता घेतलेला नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

टी पेशींची ओळख जगाला तशी उशिराच झाली. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती ठसठशीत असते, वयात आल्यावर आक्रसू लागते आणि म्हातारपणी तिच्या जागी बरीचशी चरबी उरते. हिचा उपयोग काय, हे १९६० पर्यंत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली, तेव्हा ती पिल्लं साध्या संसर्गांनाही तोंड देऊ शकली नाहीत आणि परक्या उंदराची कातडीसुद्धा त्यांच्या शरीराने बिनतक्रार स्वीकारली. हाडांच्या मगजात जन्मलेल्या कोवळ्या पेशी थायमसमध्ये येतात आणि तिथे प्रत्येक पेशी आपल्या जनुकांचे तुकडे जुळवून स्वतःचा एक वेगळा ग्राही, म्हणजे ओळखीचा साचा, घडवते. हे जुळवणं आंधळं असतं, त्यामुळे पुढे कठोर निवड होते. शरीराच्या स्वतःच्या खुणा ज्या पेशीला वाचताच येत नाहीत ती निकामी ठरून मरते. ज्या पेशीला त्या खुणा इतक्या घट्ट चिकटतात की ती आपल्याच अंगावर उलटेल, तिलाही मरावं लागतं. शंभरातल्या चार-पाचसुद्धा जेमतेम पार होतात आणि संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी बनून बाहेर पडतात. एवढी उधळपट्टी शरीर करतं, कारण चुकीची एक पेशी बाहेर पडली तर ती घर जाळू शकते. आणि तरीही काही चुका निसटतातच, त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वेगळ्या असतात. त्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं.

टी पेशी शत्रूला कशी ओळखते, हा प्रश्न आणखी रोचक आहे. प्रतिपिंडं रक्तात तरंगत विषाणूला थेट धरतात. टी पेशीला तसं जमत नाही. १९७४ मध्ये कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखवून दिलं की टी पेशी विषाणूचा तुकडा एकटा पाहतच नाही, तर आपल्याच पेशीने आपल्या खुणेत बसवून समोर धरलेला तुकडा पाहते. म्हणजे पेशीच्या आत काय शिजतंय त्याचा मासला बाहेर मांडलेला असतो आणि टी पेशी तो तपासत फिरते. पण नुसतं दिसून भागत नाही. पायात बाभळीचा काटा मोडला की दोन दिवसांनी जांघेत अवधाण येतं. ते दुखणं आपल्याला त्रासाचं वाटतं, पण तिथे त्या वेळी मोठी घडामोड चाललेली असते. जखमेतून परक्याचे तुकडे घेऊन शाखायुक्त पेशी जांघेतल्या लसिका गाठीत येतात आणि तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या हजारो टी पेशींपुढे ते धरतात. ज्या एखाद्या पेशीचा साचा जुळतो ती थबकते. त्याच वेळी शाखायुक्त पेशीकडून दुसरा इशाराही मिळाला, की इथे खरंच धोका आहे, तरच ती जागी होते आणि एकीच्या हजारो होतात. दुसरा इशारा मिळाला नाही तर तीच टी पेशी सुस्त होऊन बसते. गाठ सुजते ती या वाढीमुळेच.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मूळ असलेला एचपीव्ही विषाणू नेमकी हीच व्यवस्था चुकवून जगतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये कॅन्सरच्या पेशींतून याचा १६ क्रमांकाचा प्रकार वेगळा केला. तो त्वचेच्या तळाच्या थरात शिरतो, पण पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, सूज किंवा ताप आणत नाही. पिशवीच्या तोंडाशी काही घडतंय याची गाठीपर्यंत वर्दीच पोचत नाही. कुठे अवधाण नाही, कुठे दुखणं नाही. म्हणून शरीराला तो ओळखायला महिने लागतात. पण बहुतेक बायकांच्या बाबतीत शेवटी ओळख पटते. संसर्गांपैकी साधारण निम्मे वर्षभरात आणि बहुतेक सगळे दोन वर्षांत नाहीसे होतात. उरतात ते थोडे, आणि त्या थोड्यांतूनच दहा-वीस वर्षांनी कॅन्सर उगवतो.

आता उस्मानाबादकडे वळू. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून जिल्ह्यातली ४९७ गावं ५२ गटांत विभागली आणि तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांना चार भागांत वाटलं. एका भागात एचपीव्हीची डीएनए चाचणी, दुसऱ्यात काचपट्टीवर पेशी पाहण्याची पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात फक्त माहिती व नेहमीची सोय. तपासणी आयुष्यात एकदाच. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत नेहमीच्या सोयीच्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले, डोळ्यांनी पाहण्याच्या गटात ५६, पॅप तपासणीच्या गटात ५४ आणि एचपीव्ही गटात ३४. पहिल्या दोन तपासण्यांतला फरक योगायोगाने पडला असं म्हणायला वाव होता, एचपीव्ही चाचणीचा फरक तसा नव्हता. त्याहून बोलका आकडा तपासणी निगेटिव्ह आलेल्या बायकांचा आहे. पॅप निगेटिव्ह आलेल्यांत पुढे दरवर्षी लाखात १५.५ जणींना कॅन्सर झाला, डोळ्यांच्या तपासणीत निगेटिव्ह आलेल्यांत १६ जणींना, आणि एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांत फक्त ३.७ जणींना.

हा फरक कशातून आला? पॅप तपासणी आणि आम्लाची तपासणी या दोन्ही पेशींत झालेला बिघाड शोधतात. तो बिघाड त्या दिवशी दिसला तर दिसला, सरावलेल्या नजरेला सापडला तर सापडला. एचपीव्ही चाचणीचा प्रश्न वेगळा असतो: विषाणू इथे आज आहे का? तिशीनंतरच्या बाईत याचं उत्तर नाही असं आलं, तर बहुतेकदा त्याचा अर्थ असा की आधी कधी संसर्ग झाला असेल तर तिच्या टी पेशींनी तो निपटून काढला आहे. उत्तर हो आलं, तर तो संसर्ग टी पेशींच्या हातून सुटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. उस्मानाबादेत चाचणी झालेल्या बायकांपैकी शंभरात सुमारे दहाजणी पॉझिटिव्ह आल्या. विसाव्या वर्षी हीच चाचणी केली तर पुष्कळ जणींत तात्पुरता विषाणू सापडेल आणि नाहक घबराट होईल. म्हणून चाचणी तिशीनंतर करायची. टी पेशींना त्यांचं काम करायला वेळ द्यायचा आणि मग निकाल पाहायचा, असाच या वयोमर्यादेचा अर्थ आहे.

यावर एक रास्त हरकत येते. त्या चाचणीत कुणीही एकसुद्धा टी पेशी मोजली नाही, मग आकड्यांचं श्रेय त्यांना कसं द्यायचं? शिवाय निगेटिव्ह आलेल्या काही बायकांना विषाणूने कधी गाठलंच नसेल. दुसरा मुद्दा मान्यच आहे. पहिल्याचं उत्तर दुसऱ्या एका आजाराने दिलं आहे. एचआयव्ही नेमक्या सीडी४ जातीच्या टी पेशी संपवतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार एचआयव्ही असलेल्या बायकांत हा कॅन्सर होण्याचा धोका सहा पट असतो. विषाणू तोच, पहारा काढून घेतला की निकाल फिरतो. दुसरा पुरावा उस्मानाबादच्या निकालाच्याच वर्षी, २००९ मध्ये नेदरलँड्समधून आला. एचपीव्हीने बाह्य जननेंद्रियावर पूर्वकर्करोग झालेल्या वीस बायकांना विषाणूच्या दोन प्रथिनांचे तुकडे लस म्हणून टोचले गेले आणि वर्षभराने जवळपास निम्म्या जणींचे व्रण पूर्ण गेले. ज्यांच्या टी पेशी जोमाने जाग्या झाल्या, त्यांच्यातच फायदा ठळक दिसला. त्यामुळे हे श्रेय मला अतिरेकी वाटत नाही.

दुसरी हरकत अधिक बोचरी आहे आणि ती टाळू नये. तपासणीचा उपयोग जगात आधीच माहीत असताना तीस हजारांहून अधिक बायकांना तपासणीविना ठेवणं नीतीला धरून होतं का? संशोधकांचं म्हणणं असं की या जिल्ह्यात तपासणीची नेहमीची सोय म्हणजे काहीच नव्हतं, आणि पॅपसारखी पाश्चात्त्य पद्धत इथे चालेल का हेच शोधायचं होतं. त्यात तथ्य आहे, कारण पॅप इथे चाललीच नाही. पण त्या गटातल्या ६४ मृत्यूंकडे पाहताना हे उत्तर मनाला पुरत नाही. माझ्या मते त्या बायकांचं ऋण फेडायची एकच वाट होती: २००९ नंतर लगेच, त्यांच्याच जिल्ह्यापासून सुरुवात करून, प्रत्येक तालुक्यात एचपीव्ही चाचणी पोचवणं. देशाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र मुख्य भिस्त आम्ल लावून पाहण्यावरच ठेवली. कारण खर्चाचं होतं आणि ते खोटंही नव्हतं. मुंबईच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात वारंवार केलेल्या अशा तपासणीने मृत्यू कमी झाल्याचं दिसलंही. पण शेतमजुरीचा दिवस बुडवून बाई दर दोन वर्षांनी येईल, ही अपेक्षा येडशीच्या परिसरात कितपत खरी ठरेल?

एचपीव्ही रोखणाऱ्या लसीचा इतिहासही बार्शीच्याच रुग्णालयाजवळून गेला. २००९ मध्ये देशातल्या नऊ ठिकाणी, त्यात बार्शी आणि पुणे, मुलींना दोन आणि तीन मात्रा देऊन तुलना करण्याचा अभ्यास सुरू झाला. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या प्रकल्पात मुलींच्या मृत्यूंची बातमी आली. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, संमती घेण्यातल्या त्रुटी मात्र उघड झाल्या. २०१० मध्ये सरकारने असं सगळंच लसीकरण थांबवलं आणि हजारो मुली एकाच मात्रेवर अडकल्या. अभ्यास मोडला असं वाटलं, पण संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: टिकून राहणाऱ्या १६ आणि १८ प्रकारच्या संसर्गापासून तीन मात्रांनी ९३.३ टक्के, दोनांनी ९३.१ आणि एकाच मात्रेने ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी मानली, त्यामागे हा पुरावा आहे. इथे कुणी म्हणेल, लस तर प्रतिपिंडांवर चालते, टी पेशींचा काय संबंध? संबंध असा की बी पेशीला वर्षानुवर्षं टिकणारी प्रतिपिंडं बनवायला मदतनीस टी पेशीच शिकवते. एका मात्रेनंतर प्रतिपिंडं तीन मात्रांइतकी उंच चढत नाहीत, पण जिथे थांबतात तिथे टिकून राहतात. पहिल्याच भेटीत धडा नीट गिरवला गेला, असा त्याचा अर्थ.

या पंचवीस वर्षांच्या दुसऱ्या टोकाला एक कटू गोष्ट आहे. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं बाहेर आलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातंय, कंबर दुखतेय, पुढे कॅन्सर होईल, या भीतीपोटी कितीतरी तरुण बायकांनी शस्त्रक्रियेला होकार दिला होता. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. तिशीनंतरच्या बाईला एचपीव्ही निगेटिव्हचा कागद हातात मिळाला असता, तर त्या भीतीला तिच्याकडे उत्तर असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या देशातल्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के जणींनी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी करून घेतलेली आढळली. ज्या जिल्ह्याने जगाला पुरावा दिला, तिथल्या ग्रामीण रुग्णालयांत एचपीव्ही चाचणी नेहमीची व्हावी, यासाठी आता नवा अभ्यास लागत नाही. येडशीच्या आरोग्य केंद्रात नमुना घेण्याची सोय आणि तो बार्शीला किंवा धाराशिवला पोचवणारी गाडी, एवढीच मागणी ग्रामसभेच्या पुढच्या ठरावात लिहून घ्या.