एक पेपर इंग्रजीचा : चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रौढ पदवी परीक्षार्थींचा मागोवा

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून पदवीची परीक्षा देणाऱ्यांच्या वाट्याला इंग्रजी आली ती बहुतेक वेळा एका अनिवार्य पेपरच्या रूपाने. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी वाङ्मय हे विषय मराठीतून लिहिता येत. रात्री दोन तास वाचून त्यांत उत्तीर्ण होणे जमून जाई. इंग्रजीचे तसे नव्हते. ‘सगळं निघालं, इंग्लिश राहिली’ हे वाक्य या भागातल्या पदवीच्या कहाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या एका पेपरची तयारी कशी बदलत गेली, वाचनाचा सराव कशाने झाला आणि संभाषणाचा का झाला नाही, हे समजून घ्यायचे तर सुरुवात विद्यापीठापासून करावी लागते.

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. तेव्हा चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर-गडचिरोली, हा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि उच्च शिक्षण पूर्णपणे इंग्रजीतून चाले. त्या काळी इंग्रजीचा वेगळा सराव करण्याचा प्रश्नच नव्हता. जो महाविद्यालयापर्यंत पोचला तो इंग्रजीतूनच शिकत असे, आणि पोचणारे मोजकेच होते. स्वातंत्र्याच्या आसपास नागपूर विद्यापीठाने मराठी आणि हिंदी ही अध्यापनाची माध्यमे स्वीकारली. पदवीचे दार त्यामुळे रुंद झाले, पण इंग्रजीही आकसून एका पेपरात बसली. आधी ती शिक्षणाचे माध्यम होती, आता ती पार करायची अट झाली. हा बदल योग्यच होता. मात्र त्याची एक किंमत नोंदली गेली नाही: इतर विषय वाचता वाचता नकळत होणारा इंग्रजीचा सराव बंद झाला, आणि त्याची जागा घेणारे काही उभे राहिले नाही.

१९५६ मध्ये चांदा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वरोऱ्याजवळ आनंदवनात १९६४ साली महाविद्यालय निघाले, ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर येथेही महाविद्यालये उभी राहिली. तरी नोकरदाराला रोज वर्गात बसणे शक्य नव्हते. या काळातला प्रौढ परीक्षार्थी म्हणजे मुख्यतः प्राथमिक शिक्षक. तो खासगीरीत्या फॉर्म भरी, पुस्तके चंद्रपूर किंवा नागपूरहून मागवी आणि परीक्षेला थेट केंद्रावर हजर होई. त्याच्याजवळ इंग्रजीसाठी साधारण तीन गोष्टी असत: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, एक जाडजूड शब्दकोश आणि त्या वर्षीच्या क्रमिक पुस्तकाचे गाइड. पाठमालेतून वाक्यरचना येई, गाइडातून उत्तरे. क्रमिक पुस्तकातला मूळ धडा वाचण्याची वेळ अनेकांवर येतच नसे. सारांश मराठीत वाचायचा, आठ-दहा प्रश्नांची उत्तरे पाठ करायची, पत्रलेखनाचा साचा घोटायचा, व्याकरणाचे गुण हाती ठेवायचे. उत्तीर्ण होण्यापुरते हे पुरे होई.

गंमत अशी की याच्या नेमके उलटे मत १९२० च्या दशकातच, भारतातच मांडले गेले होते. ढाक्याला शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधल्या मुलांचा अभ्यास करून असे म्हटले की इथल्या विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त आहे, आणि वाचन वाढायचे तर मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत लिहिलेली भरपूर सोपी पुस्तके हवीत. जिथे इंग्रजी बोलणारा माणूस महिनोन्‌महिने भेटत नाही, त्या धानोरा किंवा एटापल्लीच्या शिक्षकाला हा विचार अगदी लागू पडला असता. पण प्रौढांसाठी तशी सोपी पुस्तके गावात पोचली नाहीत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. पुढच्या सात वर्षांत दूरशिक्षणाचे दोन मार्ग खुले झाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या दुसऱ्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी न झालेल्या प्रौढाला पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे जाण्याची सोय त्याने केली आणि परीक्षार्थींचे रूपच पालटले. शिक्षकांच्या जोडीला अंगणवाडी सेविका, वनरक्षक, पोलीस शिपाई, कोळसा खाणीतले आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यातले कामगार, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया आल्या. कुणाला बढती हवी होती, कुणाला स्पर्धा परीक्षेसाठी पदवीची अट पुरी करायची होती. कुणाला नुसतेच नावापुढे बी. ए. लावायचे होते, आणि तेही कारण कमी महत्त्वाचे नव्हते.

मुक्त विद्यापीठाची पद्धत स्वयंअध्ययनाची. पुस्तके घरी येत, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे होत आणि समंत्रक शंका सोडवत. इंग्रजीचा खरा सराव व्हायचा तर तो या सत्रांतच, कारण बोलायला समोर माणूस लागतो. इथेच जिल्ह्याचा भूगोल आडवा येई. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दूरच्या तालुक्यातून तासा-दीड तासाच्या सत्रासाठी येणे म्हणजे दोन दिवसांचा खर्च. त्यामुळे इतर विषयांप्रमाणे इंग्रजीही पुस्तकातूनच ‘केली’ जाई.

त्यात परीक्षेच्या तारखा. विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा चालतात तेव्हा या भागात आधी मोहफुले वेचायची आणि मग तेंदूपत्ता संकलनाची घाई असते. कुटुंबाच्या हातात वर्षातला मोठा रोख पैसा त्या थोड्या दिवसांत येतो. हिवाळी परीक्षा धानकापणी-मळणीच्या आगेमागे पडतात. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला, म्हणजे तीच गत. शिवाय चंद्रपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना टिनाच्या छपराखाली इंग्रजीचा उतारा वाचणे हा सराव कोणत्याही पुस्तकात सांगितलेला नाही.

आता प्रश्नपत्रिकेत काय असे ते पाहू. १९८० नंतर भाषाशिक्षणात संभाषणावर भर देणारी पद्धत जगभर रूढ झाली आणि तिचे पडसाद इथल्या अभ्यासक्रमांतही उमटले. धड्यांच्या जोडीला संवाद आले, अपठित उतारे आले, अर्ज आणि निमंत्रणे आली. पण परीक्षा लेखीच राहिली. त्यामुळे संभाषणकौशल्याची परीक्षा ‘संवाद लिहा’ या प्रश्नाने घेतली जाऊ लागली. दुकानदार आणि गिऱ्हाईक, डॉक्टर आणि रुग्ण, तिकीट खिडकीवरचा कारकून आणि प्रवासी हे नेहमीचे विषय. प्रवासी विचारतो, ‘व्हेन डज द ट्रेन लीव्ह?’ कारकून उत्तर देतो, ‘इट लीव्ज अ‍ॅट फाइव्ह.’ गडचिरोली जिल्ह्यात तेव्हा रेल्वे स्थानक एकच, वडसा. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या परीक्षार्थीने तिकीट खिडकी पाहिलेली असेलच असे नाही, आणि पाहिली असली तरी तिथे कुणी इंग्रजी बोलत नाही. संवाद मग कवितेसारखा पाठ होई. एका बाजूने प्रश्न, दुसऱ्या बाजूने उत्तर, शेवटी ‘थँक यू’. जो तोंडाने कधी म्हटला गेला नाही असा संवाद लिहून पूर्ण गुण मिळत.

तरी या छोट्या वाक्यांत शिकण्यासारखे बरेच होते. ‘डज’ आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात राहते आणि उत्तरात त्याला ‘स’ लागतो, ही गोष्ट व्याकरणाच्या नियमातून डोक्यात शिरत नाही. दहा वेळा प्रश्न विचारून दहा वेळा उत्तर दिले की शिरते. जिथे एखाद्या समंत्रकाने दोघा-दोघांना समोरासमोर बसवून हेच संवाद मोठ्याने म्हणवून घेतले, तिथे लेखी उत्तरांतल्या चुकाही कमी होत. प्रौढ माणूस चारचौघांत चुकायला लाजतो. वर्गात आपल्या मुलाच्या वयाचे परीक्षार्थी असले तर अधिकच. म्हणून जोडीने, हळू आवाजात केलेला सराव फळ्यासमोर उभे करून घेतलेल्या सरावापेक्षा उपयोगी पडे.

वाचनाची अडचण वेगळी. या प्रौढ परीक्षार्थींपैकी बहुतेकांनी शाळेत इंग्रजी पाचवीपासून घेतलेली. अक्षरे ओळखीची, पण शब्द दिसला की उच्चार उमटत नाही. उपाय सर्वत्र एकच सापडतो: पेन्सिलीने ओळीवर देवनागरीत उच्चार लिहिणे. जुन्या पुस्तकांच्या पानांवर ‘नॉलेज’, ‘आयलंड’, ‘कर्नल’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले आढळते. शिक्षक या सवयीला नाके मुरडतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत मात्र ती कुबडी उपयोगी ठरते. घोटाळा होतो तो नंतर, जेव्हा डोळा खालची रोमन ओळ सोडून वरचीच वाचू लागतो.

दुसरी अडचण वाक्याच्या घडणीची. मराठी वाचक क्रियापदाची वाट शेवटपर्यंत पाहतो. इंग्रजीत ते कर्त्याला लागूनच येते आणि बाकीचा पसारा मागून. एकेका शब्दाचा अर्थ लावत शेवटाला पोचलेला वाचक मग परत उलटा येतो. अपठित उताऱ्यावर वेळ जातो तो यात. त्यावरचा जाणत्यांचा सल्ला असा की आधी प्रश्न वाचावेत, त्यांतली नावे आणि आकडे उताऱ्यात शोधावेत, कर्ता आणि क्रियापद यांच्याखाली रेघ मारावी आणि अडलेला शब्द सोडून पुढे जावे. शब्दकोश शेवटी उघडावा. हे तंत्र परीक्षेपुरते असले तरी वर्तमानपत्राची बातमी वाचायलाही तेच चालते.

‘मराठी वाचक’ म्हणतानाही इथे जपून म्हणावे लागते. सिरोंच्यात घरची भाषा तेलुगू असू शकते, कोरचीकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, भामरागड-एटापल्लीत माडिया, अनेक तालुक्यांत गोंडी, आणि पूर्व चंद्रपुरापासून वडसा-आरमोरीपर्यंत झाडीबोली. प्रमाण मराठी ही यांतल्या अनेकांची दुसरी भाषा, हिंदी तिसरी. इंग्रजीचा नंबर चौथा. तिचा अर्थ मराठीतून सांगितला जातो तेव्हा माडिया परीक्षार्थी दोन पायऱ्या चढत असतो. याची दखल घेणारे प्रौढांचे इंग्रजी पुस्तक अभ्यासक्रमात आले नाही. उलट बाजूही आहे: तीन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या माणसाला चौथीतले कामापुरते बोलणे उचलायला फार वेळ लागत नाही. कमी पडतो तो प्रसंग.

तो प्रसंग मिळाला तिथे संभाषण जमलेही, पण परीक्षेच्या तयारीतून नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोब्याला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९० च्या दशकात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पर्यटक वाढले तसे आसपासच्या गावांतल्या मार्गदर्शकांच्या कानावर इंग्रजी पडू लागली. पक्ष्यांची, झाडांची नावे, ‘लेफ्ट साइड’, ‘फ्रेश पगमार्क’, ‘प्लीज कीप क्वाएट’ हा त्यांचा पहिला धडा. तो रोज वापरात राहिला म्हणून टिकला. यांच्यापैकी कुणी पदवीला बसला तर बोलण्यात पुढे आणि पेपरात इतरांइतकाच मागे, असे चित्र दिसे, कारण पेपर मागत होता ते वेगळेच.

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. तिचा थेट लाभ तेव्हा पहिलीत गेलेल्या मुलांना झाला. ती बारावीला पोचली २०११ मध्ये. त्याआधीच एक आडवळणाचा लाभ त्यांच्या आयांना झाला होता. पदवीचा अभ्यास करणारी स्त्री मुलाचा गृहपाठ घेता घेता चित्रांसह छापलेली सोपी इंग्रजी वाक्ये मोठ्याने वाचू लागली. वेस्ट यांनी मागितलेली सोपी पुस्तके अशी, मुलांच्या दप्तरातून, घरात आली.

२७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूरऐवजी त्याला जोडली गेली. सत्र पद्धतीमुळे अभ्यास लहान तुकड्यांत आला, अंतर्गत मूल्यमापनामुळे तोंडी कामाला थोडी जागा मिळाली; ती वापरायची की हजेरीवर गुण द्यायचे, हे त्या त्या शिक्षकावर राहिले. विद्यापीठाने पुढे ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम काढला. शिक्षण सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी गडचिरोली जिल्ह्यातील जांभळीसारख्या गावात, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून पदवीचे वर्ग सुरू झाले. संपर्कसत्रासाठी करावा लागणारा प्रवास वाचणे ही इंग्रजीच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय, कारण जोडीदार रोज तोच आणि शेजारचाच असतो.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. टॉवर पोचला तिथे इंग्रजी बोलणारा आवाज पहिल्यांदाच हवा तितका ऐकायला मिळू लागला. पाठ थांबवता येतो, पुन्हा लावता येतो, आपला आवाज रेकॉर्ड करून चुकांसह एकट्याने ऐकता येतो. लाजणाऱ्या प्रौढाला हे फार सोयीचे. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी झाल्या. त्या काळात अनेकांचे राहिलेले इंग्रजीचे पेपर निघाले, पण लिहिण्याचा सराव साफ मोडला आणि लेखी परीक्षा परतल्यावर तो पुन्हा जमवावा लागला.

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची नवी रचना लागू झाली. भाषा आता क्षमतावर्धन अभ्यासक्रमांत मोडते. इग्नूने इंग्रजीच्या जुन्या पायाभूत अभ्यासक्रमानंतर संवादकौशल्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आधीच आणला होता. त्यातही तीस टक्के गुण स्वाध्यायाला आणि सत्तर टक्के सत्रान्त लेखी परीक्षेला. गडचिरोली पोलिसांच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमातून दूरच्या गावांत अभ्यासिका उघडल्या आहेत. तिथे मुख्यतः भरतीची तयारी चालते, आणि त्याच टेबलावर पदवीचा इंग्रजीचा पेपरही वाचला जातो. तोंडी परीक्षा मात्र या साऱ्या बदलांतून अजून आलेली नाही. संवाद आजही कागदावरच लिहिला जातो.