२२,५०० शेअर्सचा १ शेअर कसा झाला? समजून घ्या रिव्हर्स स्प्लिट

अमेरिकेतल्या मुलेन ऑटोमोटिव्ह या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचे २२,५०० शेअर्स २०२३ च्या सुरुवातीला एखाद्याकडे होते असं धरा. मे महिन्यात कंपनीने २५ शेअर्सचा १ केला, उरले ९००. ऑगस्टमध्ये ९ चा १, उरले १००. डिसेंबरमध्ये १०० चा १. वर्ष संपताना खात्यात फक्त १ शेअर!

याला म्हणतात रिव्हर्स स्प्लिट, म्हणजे शेअर्सचं एकत्रीकरण. कागदावर यात कुणाचंच नुकसान नाही. दहाच्या दहा नोटा देऊन शंभरची एक नोट घेतल्यासारखं. शेअर्स घटतात, भाव त्याच पटीत वाढतो, कंपनीतला तुमचा वाटा तेवढाच राहतो.

मग कंपन्या हे करतात कशाला? नॅसडॅकवर शेअरचा भाव सलग ३० कामकाजाचे दिवस १ डॉलरखाली राहिला की नोटीस येते. मुदतीत भाव सुधारला नाही तर शेअर थेट बाजाराबाहेर जाऊ शकतो. धंदा सुधारून भाव वाढवायला वर्षं लागतात, शेअर्स जोडून तो एका रात्रीत वाढतो.

खरी मेख पुढेच आहे. कंपनीला जास्तीत जास्त किती शेअर्स काढता येतील, ही मर्यादा अनेकदा तशीच ठेवली जाते. बाजारातले शेअर्स घटले की नवे काढायला मोकळं रान! मुलेनही पैसा उभारायला नवे शेअर्स काढत राहिली. त्यातून जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो, भाव घसरतो आणि पुन्हा रिव्हर्स स्प्लिट.

समजा प्रमाण १० ला १ आहे आणि तुमच्याकडे ७ च शेअर्स आहेत. काही कंपन्या पूर्ण शेअर देतात, पण अनेकदा त्या तुकड्याचे पैसे हातावर ठेवले जातात. लाखभर शेअर्सवाल्याला काही फरक पडत नाही. ७ वाला मात्र भागधारकच राहत नाही.

दर वेळी शेवट वाईटच असतो असंही नाही. सिटीग्रुपने मे २०११ मध्ये १० चा १ केला. साडेचार डॉलरच्या आसपासचा शेअर ४५ च्या आसपास दिसू लागला. ती बँक आजही उभी आहे.

आणि हो, ते व्हायरल स्क्रीनशॉट! रिव्हर्स स्प्लिटनंतर चार्टवरचे जुने भावही त्याच पटीत वाढवून दाखवतात. त्यामुळे 'हा शेअर एकेकाळी हजारो डॉलरला होता, आता मातीमोल मिळतोय' अशी पोस्ट दिसली, तर त्या भावाला तो कधी विकलाच गेला नसेल, अशी शक्यता मोठी. खरेदीआधी ॲपमधल्या 'कॉर्पोरेट ॲक्शन' रकान्यात जुने स्प्लिट शोधा.