बाईकचं सेटिंग विकायचंय? आधी मोजायला शिका!



मिरा-भाईंदरमध्ये बाईकचं गॅरेज टाकायचा विचार करताय? मग आधी एक काम करा. तुमच्या घरापासून काशीमिऱ्यापर्यंत जा आणि वाटेतली गॅरेज मोजा. ऑइल बदलणारे, पंक्चर काढणारे, ब्रेक शू घालणारे भरपूर सापडतील. आता त्यातले किती जण गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून, टेप लावून सांगतात की "दादा, तुमच्या वजनाला मागचा शॉकअप इतका दबतोय, तो इतका दबायला हवा"? एखादा सापडला तरी नशीब.

आजच्या व्हिडिओचा विषय हाच आहे: सस्पेन्शन आणि टायरचं सेटिंग. रेसिंग टीम ट्रॅकवर टेस्टिंग करताना काय करतात, आणि त्यातलं आपल्या शहरात काय विकता येईल, ते नीट समजून घेऊ.

गिऱ्हाईक कोण?

रविवारी पहाटे घोडबंदरच्या फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर उभे राहा. जॅकेट-हेल्मेट घालून मनोर, जव्हारकडे निघालेले रायडर दिसतील. हे पहिलं गिऱ्हाईक.

दुसरं गिऱ्हाईक रोज दिसतं, पण आपण त्याच्याकडे बघत नाही. मागे जड बॅग बांधून दिवसभर फिरणारा डिलिव्हरीवाला. बायको आणि मुलाला घेऊन पेव्हर ब्लॉक आणि खड्ड्यांतून जाणारा नोकरदार. गाडी कंपनीतून आली तेव्हाचंच सेटिंग, आणि हवा कधी बघितली ते आठवत नाही. पावसाळ्यात अचानक ब्रेक लावायची वेळ आली की गाडी किती अंतरात थांबते, यावर या दोन गोष्टींचाही परिणाम होतो.

दोन-चार पीएसआयने काय होतं?

मोटोजीपीचं उदाहरण घ्या. २०२४ च्या नियमाप्रमाणे पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार, म्हणजे साधारण २६ पीएसआय हवा लागायची, आणि मुख्य रेसच्या किमान ६० टक्के लॅपमध्ये ती टिकवावी लागायची. त्या वर्षी असेनच्या रेसमध्ये मार्क मार्केझ चौथा आला. हवा नियमापेक्षा कमी भरली म्हणून १६ सेकंदांचा दंड झाला आणि तो थेट दहावा! पुढच्या वर्षी थायलंडमध्ये तोच मार्केझ सगळ्यात पुढे असताना त्याने भावाला मुद्दाम पुढे जाऊ दिलं. पुढच्या गाडीच्या मागून येणाऱ्या गरम हवेत टायर तापतो आणि त्यातला दाब वाढतो. दाब वाढल्यावर त्याने पुन्हा आघाडी घेतली आणि रेस जिंकली.

आता हेच गणित आपल्या गाडीला लावू. ३० अंश तापमानाला टायरमध्ये २९ पीएसआय हवा भरली. गाडी चालवून टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर गेज ३३ च्या आसपास दाखवेल. हवा कुणी भरलेली नाही, फक्त ती तापली. आता समजा गिऱ्हाईक बोरिवलीहून गाडी चालवत आलं, तुम्ही ३३ बघितलं आणि "जास्त आहे" म्हणून ४ पीएसआय सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थंड टायरमध्ये २५ च शिल्लक. गाडी वळणात जड वाटेल, टायरच्या कडा लवकर झिजतील.

म्हणून पहिला नियम: हवा थंड टायरला मोजायची. आकडा कंपनीने गाडीवर लावलेल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, एकट्याचा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा. ट्रॅकवर मात्र टीम थंड आणि गरम असे दोन्ही आकडे लिहितात, कारण हवा किती वाढली यावरून टायर किती तापला ते कळतं.

शॉकअपचं माप: टेप, वही आणि दोन मदतनीस

रायडर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं, त्याला सॅग म्हणतात. मोजायची पद्धत सोपी आहे:

१. मागचं चाक जमिनीवरून उचला. एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत सरळ उभं माप घ्या. समजा ६२० मिमी आलं.
२. रायडरला नेहमीच्या सामानासकट बसवा. एकाने गाडी सरळ धरायची.
३. गाडी मागून दाबा आणि हळूच वर येऊ द्या. माप ५८२.
४. आता थोडी उचला आणि हळूच खाली बसू द्या. माप ५८८.
५. दोन्हींची सरासरी ५८५. सॅग झाला ३५ मिमी.

दोनदा का मोजायचं? सीलचं आणि जोडांचं घर्षण असतं, त्यामुळे गाडी दोन वेळा दोन वेगळ्या जागी थांबते. चाकाची एकूण हालचाल १२० मिमी असेल, तर ३५ म्हणजे साधारण २९ टक्के. रस्त्यासाठी ३० टक्क्यांच्या आसपास चांगलं मानतात, ट्रॅकसाठी थोडं कमी.

सॅग जास्त आला तर सी-स्पॅनरने प्रीलोड वाढवा, कमी आला तर घटवा. इथे बरेच मेकॅनिकही चुकीचं सांगतात की "स्प्रिंग कडक केला". प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. गाडी कुठल्या उंचीवर बसते ते बदलतं. शेवटच्या खाचेवरही सॅग जास्तच राहिला, तर त्या वजनाला तो स्प्रिंगच कमी पडतोय. ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

रिबाउंड आणि कम्प्रेशन डॅम्पिंगचे स्क्रू महागड्या गाड्यांवर असतात. ते हलक्या हाताने पूर्ण बंद करायचे, मग मागे येताना क्लिक मोजायचे. १५०-२०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना फक्त मागचा प्रीलोड असतो. जे ॲडजस्ट होतच नाही, त्याचे पैसे घेऊ नका.

एका वेळी एकच बदल

ट्रॅक टेस्टिंगचा गाभा एवढाच आहे. हवाही कमी केली, प्रीलोडही वाढवला, आणि गाडी छान चालली. कशामुळे? कुणालाच माहीत नाही! म्हणून एक बदल करा, त्याच रस्त्यावर तोच रायडर पाठवा, परत आल्यावर त्याचे शब्द लिहून घ्या. मग जुन्या सेटिंगवर जाऊन पुन्हा एकदा खात्री करा. फरक खरा असेल तर दोन्ही वेळा जाणवेल.

आपला ट्रॅक कुठला? घोडबंदर रोडवर वेग मारणं म्हणजे टेस्टिंग नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. तीन-चार किलोमीटरचा शांत फेरा ठरवा. त्यात एक स्पीडब्रेकर, एक पेव्हर ब्लॉकचा पट्टा, दोन वळणं असू द्या. वेग कायद्यातला, वेळ सकाळची, फेरा नेहमी तोच. सस्पेन्शन कसं आहे हे स्पीडब्रेकरवर ४० च्या आतसुद्धा कळतं.

मोठे लोकही हेच करतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज बघा. १९८५ साली दोन ॲल्युमिनियम डाय-कास्टिंग मशिनवर सुरुवात, आज शॉकअप, फोर्क, ब्रेक, क्लच बनवणारी मोठी कंपनी, २०१६ मध्ये शेअर बाजारात. बजाजसारखं मोठं गिऱ्हाईक त्यांना नात्यातूनच जवळ होतं, हे खरं. ते आपल्याकडे नसेल. पण टेस्टिंगसाठी त्यांनी स्वतःचा ट्रॅक बांधला, यातून शिकण्यासारखं आहे. रस्ता तोच राहिला, तरच दोन शॉकअपची तुलना होते.

आता पैशांचं गणित

उदाहरण म्हणून धरून चला. एका गाडीला ४५ मिनिटं, चार्ज ५०० रुपये. रविवारी चार गाड्या म्हणजे २,००० रुपये, महिन्याचे चार रविवार म्हणजे ८,०००. यात मिरा रोडला गाळ्याचं भाडं निघेल का? नाही निघणार. म्हणून फक्त यासाठी दुकान घेऊ नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याशी बोला, रविवारची सकाळ त्याच्या जागेत, ठरलेला वाटा त्याला. सुरुवातीला चांगलं गेज, टेप, सी-स्पॅनर, पंप, पॅडॉक स्टँड आणि वही एवढं पुरे. गेज मात्र महिन्यातून एकदा दुसऱ्या दोन गेजशी ताडून बघा. तेच चुकीचं असेल, तर तुम्ही रोज चुकीचा आकडा विकताय.

प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कार्ड द्या: तारीख, वजन, थंड हवा पुढे-मागे, सॅग आधी-नंतर, प्रीलोडची खाच, टायर बनल्याची तारीख. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. सहा महिन्यांनी तो माणूस कार्ड घेऊन परत येतो, कारण त्याच्या गाडीचा हिशोब तुमच्याकडे लिहिलेला आहे.

नाही म्हणायला शिका

पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय, चाक वाकलंय, टायर टीडब्ल्यूआयच्या खुणेपर्यंत झिजलाय, अशा गाडीचं सेटिंग करू नका. आधी दुरुस्ती. गॅस भरलेला शॉकअप उघडायचा तर प्रश्नच नाही, आत दाब असतो. ५०० रुपये गेले तर पुढच्या रविवारी येतील. पण तुम्ही सेटिंग केलेली गाडी त्याच झिजलेल्या टायरवर घसरली, तर तो माणूस आणि तुमचं नाव, दोन्हीची भरपाई होत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

व्हिजिटिंग कार्ड छापण्याआधी सोसायटीतल्या, नात्यातल्या १० गाड्या फुकट तपासा. वहीत तीन रकाने करा:

- हवा स्टिकरप्रमाणे होती का?
- सॅग किती होता, किती झाला?
- "पुढच्या वेळी ५०० रुपये द्याल का?" याचं उत्तर.

तिसऱ्या रकान्यात दहापैकी चार-पाच मनापासूनचे "हो" आले, तर गॅरेजवाल्याशी बोलायला जा. एक-दोनच आले, तर थांबा. मग दर बदला किंवा डिलिव्हरीवाल्यांना विचारून बघा. दोन्ही मात्र एकदम बदलू नका!