पंच, महाविद्यालयीन फुटबॉलमधील (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांचे नियंत्रण करणारे अधिकारी. मैदानावर अशा सात किंवा आठ जणांचे पथक असते व पांढरी टोपी घातलेला रेफरी हा त्याचा प्रमुख असतो. खेळाचे नियम नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन ही संस्था करते. मात्र प्रमुख सामन्यांच्या पंचांची निवड, मानधन व शिस्त हे विषय विद्यापीठांनी आपापसांत स्थापन केलेल्या ‘कॉन्फरन्स’ या संघटनांकडे असतात.

मानधन : पंचांना मासिक वेतन नसते, सामन्यागणिक मानधन व प्रवासखर्च मिळतो. कायद्याच्या दृष्टीने ते सामान्यतः स्वतंत्र कंत्राटदार समजले जातात. महाविद्यालयीन बास्केटबॉल पंचांच्या बाबतीत अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने १९८७ मध्ये हेच मत ग्राह्य धरले. त्यामुळे त्यांना कर्मचारी म्हणून सामूहिक वाटाघाटींचा हक्क मिळाला नाही. बहुतेक फुटबॉल पंच आपला मूळ व्यवसाय सांभाळून हे काम करतात. याउलट मोठ्या विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षक वर्षाला कित्येक दशलक्ष डॉलर मिळवतात आणि २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या उत्पन्नाचा वाटा खेळाडूंनाही थेट देता येतो.

उत्तरदायित्व : प्रत्येक सामन्यानंतर चित्रफितीच्या साहाय्याने पंचांचे निर्णय तपासून त्यांना गुण दिले जातात. मोसमाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांवरील नेमणुका व पुढील वर्षीचे काम या गुणांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे गुण सहसा प्रसिद्ध केले जात नाहीत. प्रशिक्षकांना आक्षेप संघटनेकडे खासगीरीत्या नोंदवता येतात. जाहीर टीका केल्यास त्यांना दंड होऊ शकतो. परिणामी गंभीर चूक घडून निलंबन झाले, तरच ही प्रक्रिया लोकांच्या नजरेस येते.

नियमानुसार रेफरीने सामना संपल्याचे घोषित केले, की गुणसंख्या अंतिम ठरते. आक्रमक संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ‘डाऊन’ नावाचे चार प्रयत्न मिळतात. १९९० मध्ये मिसूरीविरुद्ध कोलोरॅडोला अखेरच्या क्षणी चुकून पाचवा प्रयत्न मिळाला व त्याने ३३–३१ असा विजय मिळवला. पंचांचे पथक अनिश्चित काळासाठी निलंबित झाले, निकाल मात्र कायम राहिला. त्या मोसमात कोलोरॅडो राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सहमानकरीही ठरला. २०१५ मध्ये ड्यूकविरुद्ध मायामीने शेवटच्या किकऑफवर आठ वेळा चेंडू आपसांत मागे देत ३०–२७ असा विजय मिळवला. वाटेत एका खेळाडूचा गुडघा जमिनीला टेकला होता, परंतु चित्रफितीच्या फेरतपासणीतही ही चूक सुधारली गेली नाही. मैदानावरील पथक व फेरतपासणी करणारे अधिकारी दोन सामन्यांसाठी निलंबित झाले; निकाल बदलला नाही. १९४० मध्ये डार्टमथविरुद्ध कॉर्नेलने अशाच पाचव्या प्रयत्नावर ७–३ असा विजय मिळवला होता. चित्रफीत पाहून रेफरीने चूक मान्य केली. तथापि निकाल बदलण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. कॉर्नेलने स्वतःहून विजय सोडला आणि डार्टमथ ३–० असा विजयी ठरला.

या व्यवस्थेचा मूळ दोष केवळ अल्प मानधनाचा नाही. पंचांना नेमणारी, तपासणारी व शिक्षा करणारी संघटना एकच असते आणि ती स्पर्धक विद्यापीठांचीच बनलेली असते. निलंबनामुळे पंच आपल्या मानधनास मुकतो. पराभूत संघाला त्यातून काहीही परत मिळत नाही. त्यामुळे मानधनवाढीइतकीच तटस्थ मूल्यमापनाची व त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची गरज आहे.