दंडाची पावती

गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. मराठवाड्यात, आपल्या हिंगोली-कळमनुरीकडेही, भूमिहीनांनी असे माळ दगडगोटे वेचून पिकाखाली आणले. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले.

पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण ताबा सिद्ध करायचा कशाने? तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीने, पीकपाहणीने, दंडाच्या पावतीने. म्हणजे ज्याला दंड झाला त्याचा हक्क बळकट. ज्याला नुसते दटावून हुसकले, त्याचे हात रिकामे!

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. मात्र शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना मिळालेले पट्टे अपवादात धरले. तेव्हा ज्याला पट्टा नाही, त्याच्या डोक्यावर टांगती तलवार आहे.

म्हणून सांगतो, मोर्चा काढाच. पण आधी नोंदीची नक्कल मागा, पावत्या जपा. घामाचीही साक्ष सरकारदरबारी कागदच देतो.