जुनी नाणी घासू नका

नांगरताना कधी तांब्याची शिवराई हाती लागते. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. घरी आणली की माणसं ती चिंचेनं, राखेनं घासून लखलखीत करतात. पण तांब्यावरचा काळपट-हिरवा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. खालच्या धातूचे ते कवच आहे. आंबटाने ते विरघळते, राखेने अक्षरे झिजतात. मग नाणे चकाकते खरे, पण वाचता येत नाही. तेव्हा स्वच्छ पाण्यात भिजवून माती सोडवावी, मऊ फडक्याने टिपून वाळवावे. हिरवी भुकटी झडत असेल तर पाणीही नको, कोरडेच ठेवावे. आणि हो, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जमिनीत सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. गुरुजींनी एवढे मुलांना जरूर सांगावे.