गोचीड कोणत्या खात्याची?

माकडताप हा नावाने माकडाचा, वस्तीने गोचिडीचा आणि सरकारी नोंदीत माणसाचा रोग आहे. त्याचा विषाणू डेंग्यू आणि पीतज्वर यांच्या विषाणूंच्या कुळातला. डासांशी मात्र त्याचे काही देणेघेणे नाही. ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ या रानगोचिडीच्या चाव्यातून तो माकडाला होतो आणि माणसालाही. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाच्या परिसरात १९५७ मध्ये तो प्रथम ओळखला गेला, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला क्यासनूर जंगलाचा रोग असे नाव आहे. मलनाडातले, म्हणजे कर्नाटकाच्या या डोंगराळ पट्ट्यातले, लोक त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात, म्हणजे माकडाचा आजार. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रूढ झालेले ‘माकडताप’ हे नाव त्याच वळणाचे. माकड या रोगाचा पहिला बळी. नाव मात्र त्याच्याच माथी बसले.

१९५७ मध्ये त्या भागात वानरे आणि लाल तोंडाची माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास गावांत तापाची साथ आली. खबर पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. माकडे मरताहेत हे ऐकताच तिथल्या शास्त्रज्ञांना पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत रानातली माकडे मरू लागली की पीतज्वर आला असे समजतात. आशियात तो रोग कधीच आलेला नव्हता. तो पसरवणारा डास मात्र घरोघरी होता. शंका खरी ठरली असती तर देशाच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास वेगळा झाला असता. तपासणीत निघाला तो वेगळाच विषाणू: सैबेरियाकडे गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. त्या पहिल्या वर्षी ४६६ रुग्णांची नोंद झाली.

सैबेरियातला भाऊबंद मलनाडात आला कसा, या प्रश्नात संशय गेला हिवाळी पाहुण्या पक्ष्यांवर. उत्तरेकडून येताना त्यांनी अंगावरच्या गोचिडींतून विषाणू आणला असावा, असा तर्क होता. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांविरुद्ध पुरावा मिळाला नाही. पण भारतातल्या पक्षिस्थलांतराच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया या शोधाने घातला गेला. पक्षिनिरीक्षकांवर माकडतापाचे एवढे ऋण आहे. पुढे १९९५ मध्ये सौदी अरेबियात याच विषाणूचा जवळचा नातलग सापडला. दोघांच्या जनुकांची तुलना केल्यावर त्यांच्या वाटा काही शतकांपूर्वीच वेगळ्या झाल्याचे दिसले. म्हणजे विषाणू सह्याद्रीच्या रानात जुनाच असावा.

मग १९५७ मध्ये नवे काय घडले? होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये त्याचे उत्तर मांडले. कोलंबियात पीतज्वरावर काम करताना त्याने पाहिले होते की झाड तोडले की शेंड्यावरचे डास जमिनीवर येतात. मलनाडात त्याला जंगलाच्या कडा दिसल्या. शेतीसाठी रान तुटत होते, उघड्या पडलेल्या जमिनीवर घाणेरीची दाट झुडपे माजत होती, त्यांत उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी नांदत होत्या, आणि याच झुडपांतून गुरे रोज चरायला जात होती.

इथे गोचिडीचे आयुष्य नीट पाहायला हवे, कारण या रोगाचे सगळे वेळापत्रक तिच्या हाती आहे. ही गोचीड जन्मात तीनदा जेवते आणि दर वेळी वेगळ्या जनावरावर. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांची पिल्ले निघतात, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा जमिनीलगतच्या जिवांचे रक्त पितात, गळून पडतात आणि कात टाकून आठ पायांची होतात. या मधल्या अवस्थेला गोचिडीची कुमारावस्था म्हणता येईल. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत ती पाचोळ्यात आणि गवताच्या टोकांवर वाट पाहत असते. माकडाला आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्याच्या सुमारास गुरांना, गव्याला, सांबराला चिकटते; पोटभर रक्त पिऊन मादी जमिनीवर पडते आणि शेकड्यांनी अंडी घालते. एकदा शरीरात शिरलेला विषाणू एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत तिच्याबरोबर जातो.

गाय या रोगाने आजारी पडत नाही. तिच्या रक्तात विषाणू फारसा वाढतही नाही. पण गोचिडींची पुढची पिढी तिच्यावर पोसली जाते. माकडाचे उलट आहे. त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो आणि बहुधा ते मरते. मेलेल्या माकडाचे अंग थंड पडू लागले की त्यावरच्या गोचिडी उतरतात आणि त्या झाडाखालची काही मीटर जमीन महिनोन्‌महिने धोक्याची होते. माणूस या साखळीत चुकून येतो आणि साखळी त्याच्यापाशी तुटते. एका रुग्णापासून दुसऱ्याला हा ताप लागत नाही.

१९८२ ते १९८४ या काळात दक्षिण कन्नड जिल्ह्यातील निडले जंगलाच्या परिसरात काजूच्या लागवडीसाठी रान तोडल्यानंतर दीड हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. बोशेलच्या म्हणण्याला याहून ठळक पुरावा मिळणे कठीण.

तरीही अनेक दशके हा मलनाडाचा आजार मानला गेला. पुस्तकांतले नकाशे कर्नाटकातल्या पाच जिल्ह्यांपाशी थांबत. २०१२ च्या अखेरीस बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात माकडे मेली, ती हाताळणाऱ्या माणसांना ताप आला आणि नकाशा उसवला. तमिळनाडूतील निलगिरी, केरळातील वायनाड, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले पाळी गाव आणि २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यातले केर, अशी नावे त्यात आली. पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसर. रोग पसरला, की तिथे आधीपासून असलेला रोग तपासण्याची सोय झाल्यावर दिसू लागला? दोन्ही काही प्रमाणात खरे असावे. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने २०१२ च्या सुमारास विषाणूची जनुकीय चाचणी आणि प्रतिपिंडांची चाचणी विकसित केली. त्याआधी निदानासाठी रुग्णाचे रक्त उंदराच्या पिल्लांना टोचून वाट पाहावी लागे. हे काम धोक्याचेही होते: पुण्याच्या केंद्रात हा विषाणू हाताळताना अनेक कर्मचाऱ्यांना त्याची लागण झाली होती.

सिंधुदुर्गात हा ताप कोणाला होतो हे समजायला घरातल्या कामांचे वेळापत्रक पुरते. थंडी ओसरू लागली की भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळका पाचोळा) गोळा करतात. खराट्याने ओढून ढीग करायचे, कवेत घेऊन डालीत दाबून भरायचे, डाल डोक्यावर घेऊन घरी यायचे. वाळक्या पानांचा चुरा मानेवरून पाठीत जातो. काही पातेरा गोठ्यात गुरांखाली अंथरला जातो. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम. बोंडे झाडाखाली गळतात आणि बी वेचायला बायामाणसे सकाळपासून वाकून किंवा उकिडवी बसून असतात. केल्डी, म्हणजे लाल तोंडाची माकडे, आणि वानरे बोंडांसाठी त्याच झाडांवर. ही सगळी कामे कुमार गोचिडीच्या ऐन हंगामात येतात. काजूबागांवर बाहेरगावांहून येणाऱ्या मजुरांचा प्रश्न आणखी अवघड: गोव्यात मजुरीला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांना लागण झाली होती. रोग एका राज्यात लागला, नोंद दुसऱ्या राज्यात झाली.

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो. कपाळ ठणकते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात. काहींना उलट्या-जुलाब होतात, हिरड्यांतून रक्त येते, रक्तदाब आणि प्लेटलेट उतरतात. बरेच जण आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात, थकवा मात्र पुढे बराच काळ राहतो. दहातल्या एका-दोघांना मधे बरे वाटून ताप परत येतो, आणि या दुसऱ्या फेरीत झटके, भ्रम, हातापायांना कंप अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. सलाइन, रक्तघटक आणि लक्ष ठेवणे हाच उपचार. कोकणातल्या डॉक्टरला भातलावणीनंतरच्या तापात लेप्टोस्पायरोसिस आठवतो, बाकी वर्षभर डेंग्यू. काजूच्या हंगामात आलेल्या तापाच्या रुग्णाला ‘काजूत गेला होता का?’ हे विचारण्याची सवय २०१६ नंतरची.

पाळत ठेवायची ती तीन ठिकाणी. पहिली जागा रानाची: तिथे पांढरे फ्लॅनेलचे कापड दांडीला बांधून पाचोळ्यावरून सावकाश ओढतात. काही पावलांवर ते उलटे करून पाहिले की त्यावर काळसर ठिपके सरकताना दिसतात. चिमट्याने ते वेचून कुपीत भरायचे, प्रयोगशाळेत जात आणि अवस्था पाहून वेगळे करायचे, आणि गटागटाने विषाणूसाठी तपासायचे. दुसरी जागा मेलेल्या माकडाची. वनरक्षकाने कळवायचे, पशुवैद्यकाने संरक्षक पोशाखात नमुने घ्यायचे, शव जाळायचे आणि भोवतालच्या पन्नास मीटर परिघात मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकायची. तिसरी जागा ताप आलेल्या माणसाच्या दाराची, जिथे आशा कार्यकर्ती पोचते आणि रक्ताची कुपी बर्फात ठेवून पुढे जाते.

प्रत्यक्षात भर तिसऱ्या जागेवर असतो. रुग्णसंख्येचा तक्ता हा या रोगाचा सर्वांत उशिरा येणारा कागद. त्याआधी गोचीड बाधित झालेली असते आणि बहुधा माकडही मेलेले असते. माकडावर तरी सगळा भरवसा कसा ठेवावा? दाट रानातले शव दोन दिवसांत कुजते किंवा बिबट्याच्या पोटात जाते, आणि माकडे मेल्याची खबर नसतानाही माणसांना लागण झाल्याची उदाहरणे आहेत. कष्टाचे, कंटाळवाणे आणि वर्तमानपत्रात न येणारे कापड ओढण्याचे काम त्यामुळे सर्वांत मोलाचे ठरते.

ते कोणी करायचे? माकड वन खात्याचे, गाय पशुसंवर्धन खात्याची, माणूस आरोग्य खात्याचा. गोचीड कोणाचीच नाही. बुळकांडीच्या निर्मूलनाशी तुलना केली तर फरक कळतो. गुरांच्या त्या रोगापासून भारत २००६ मध्ये मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. तिथे रोगी जनावर, लस आणि गावोगावचा शोध हे सगळे पशुवैद्यकांच्या एकाच यंत्रणेकडे होते. माणसांच्या रोगांसाठी २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, जनावरांच्या रोगांच्या नोंदी बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुरोग साथविज्ञान संस्थेकडे असतात. या वह्या एकत्र वाचाव्यात म्हणून ‘वन हेल्थ’चा, म्हणजे माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकच धरण्याचा विचार पुढे आला, त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली. केर किंवा पाळीच्या पातळीवर त्याचा अर्थ साधा आहे: वनरक्षकाचा फोन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गुरांच्या दवाखान्यात पोचला पाहिजे.

प्रतिबंधाची साधने मोजकीच. रानात जाताना पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली विजार, उघड्या अंगाला ‘डेपा’ हे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झालेले कीटकरोधक, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात. गुरांना गोचीडनाशक. बी वेचताना बाई नऊवारीत किंवा गाऊनवर शर्ट घालून असते, त्यामुळे खोचलेल्या विजारीची सूचना भित्तिपत्रकावरच राहते. रानातून आणलेला पातेरा गोठ्यात न अंथरणे त्याहून सोपे.

लस होती. कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत वाढवून फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली ही लस कर्नाटकात १९९० पासून वापरात होती: महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी, नंतर पाच वर्षे दरवर्षी एक. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मात्रांचा उपयोग ६२ टक्के, तिसरीनंतर ८३ टक्के दिसला. टोचताना फार दुखते म्हणून लोक दुसऱ्या मात्रेलाच फिरकत नसत. पुढे लसीची ताकद उतरल्याचे दिसले आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. नव्या लसीवर काम चालू आहे. लस टोचायचा काळ गोचिडीच्या हंगामाआधीचा, पावसाळा सरता ते दिवाळीपर्यंतचा. २०२२ नंतरचे हंगाम लसीवाचूनच गेले आहेत.